खिडकी नसलेली खोली

प्रिय भोंग्या,

शनिवारचा कार्यक्रम संपल्यावर तू मला मिठी मारलीस, तेव्हापासून शिसारी आलीय. अंघोळ केली, पोटभर जेवलो, झोपून पाहिलं. तरी जात नाही.

आपला बँड बेचव होत चाललाय हे मला केव्हाच कळलं होतं. शाळा सोडून वायरी वाहायला लागलो आणि आज माझे तीन स्टुडिओ आहेत, ते या कानांच्या जिवावर. ड्रमवाला घड्याळाकडे बघत वाजवतो. गिटारवाला एकच तुकडा सहा गाण्यांत फिरवतो आणि त्याला ‘आपली शैली’ म्हणतो. आणि तू! उंच सूर आला की माईक लोकांकडे करतोस. ते गातात, तू डोळे मिटून भावुक होतोस. ओकारी येते रे! लोक म्हणतात, पैसा आला, वय झालं. काहीतरीच. तुझ्याहून म्हातारे लोक मी जीव ओतून गाताना ऐकलेत.

आठवते ती तालमीची पहिली खोली? समोरच्या लॉन्ड्रीतली मावशी खिडकीत उभी राहून इस्त्री करायची. गाणं फसलं की खाडकन खिडकी लावून घ्यायची. एकदा ओरडली, “अरे भोंग्या, तुझ्या रडण्यापेक्षा ही वाफ परवडली!” तू आठ दिवस चाल बदलत बसलास. खिडकी उघडी राहिली त्या दिवशी मी ते गाणं टेप केलं. मावशीनं हात हलवला आणि तू दुसऱ्या कडव्यानंतर खुदकन हसलास, तेही टेपमध्ये आहे.

मग नाव झालं आणि मी तुम्हाला नवी खोली बांधून दिली. भिंतींना जाड गाद्या, दुहेरी दार, खिडकी एकही नाही. केवढा मिरवलो होतो! बारा वर्षं त्या खोलीत तुम्हाला कुणी काही बोललेलं नाही. तू “कसं झालं?” विचारायचास, मी काचेमागून अंगठा दाखवायचो. तू खूश तर माझी कामं चालू.

शनिवारी मात्र मी हद्द केली. सकाळी तालमीत तुझा आवाज तीनदा फाटला. म्हणून त्या टेपमधला तुझा आवाज वेगळा काढून मी कार्यक्रमात लावला, तुझ्या कानातल्या इअरफोनमध्येही तोच सोडला आणि तुझा माईक बंद केला. बाकीच्यांना माहीत होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या कडव्यानंतर स्पीकरमधून ते हसू आलं, तुझे ओठ मिटलेले. लोक वेडे झाले. नंतर तू विचारलंस, “मी मध्येच हसलो का रे?” मी म्हणालो, “हसलास की!” “आवाज परत आला बघ,” म्हणत तू डोळे पुसलेस आणि शुक्रवारी लोकांसमोर रेकॉर्डिंग करायचं ठरवून मोकळा झालास.

शुक्रवारी टेप लागणार नाही. हे तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पत्र. शिव्या घाल, हाकलून दे. पण तुझ्या आजच्या जाड आवाजात खालच्या पट्टीत अजून दम आहे, हे मी खोटं सांगत नाही. काल गवंडी बोलावून त्या खोलीची रस्त्याकडची भिंत फोडली. चौकट बसलीय. उद्या दहाला ये. मावशी आता नाही, पण खिडकीशी मी बसेन, आणि वेळ आली तर ती खाडकन आपटेन.

तुझाच,
वायरवाला