रिकामी गव्हाण

शुक्रवार, डिसेंबर. संध्याकाळ.

आज आम्ही इथल्या अरबी वाळवंटातला एक जुना गोठा बघून आलो. पूर्वी इथे गाई पाळायचे, आता नुसत्या भिंती जपून ठेवल्यात. शेणाचा वाससुद्धा नाही. पण दगडी गव्हाणीची कड गाईंच्या मानांनी घासून घासून गुळगुळीत झालीये, थेट आमच्या निफाडच्या गव्हाणीसारखी! हात फिरवत किती वेळ उभी राहिले, कोण जाणे.

मग जेवायला डबा उघडला आणि पहिली पोळी सरळ गव्हाणीत ठेवली. माहेरची सवय, दुसरं काय! लेक ओरडली, "आई, देअर इज नो काऊ!" तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला. "मॅडम, खाना उठा लीजिए." उचलली. हे हसले आणि इथल्यांसारखं "यल्ला, चला" म्हणत गाडीकडे निघाले.

पण गाईला दिलेला घास कुणी परत घेतं का? खाववेना, टाकवेना. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी पोचल्यावर ती पोळी समोर ठेवूनच आईला फोन लावला. वाटलं, हसेल. आमची शेवटची गाय, कपिला, जाऊन वर्ष होत आलं. आता आईच्याही गोठ्यात कोण आहे?

आई म्हणाली, "अगं, मी रोज ठेवते. चिमण्या खातात. ठेवताना त्या कडेवरून हात फिरवते, तेवढंच."

वर्षभर रोज फोन करतेय मी. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, सगळं विचारते. हे मात्र ती एकदाही बोलली नाही.