आगळाची बरणी

इब्रा (ओमान), शुक्रवार, २२ जुलै २०१६

प्रिय सुगंधा,

रोज फोनवर बोलणारा नवरा पत्र कशाला लिहितो, असं मनात येईल. घाबरू नकोस, नोकरी शाबूत आहे. टायरच्या दुकानातला नूरुद्दीन रविवारी सुट्टीवर निघतोय. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं, आईच्या नाही, असं त्याला तीनदा बजावलंय. लग्नाला सहा वर्षं झाली तरी प्रेमपत्रं चालू आहेत, म्हणून त्याने माझी खेचली. मी त्याला तसंच समजू दिलं.

इथे उन्हाने कहर केलाय. सकाळी नळ सोडला तरी चहाला चालेल असं पाणी येतं. आमचा मालक, अर्बाब सैफ, फार थकला. दुकानात येतो, खुर्चीवर बसतो आणि तू कशी आहेस विचारतो. परवा त्याने बंदुकीच्या गोळ्यांचा विषय काढला, कितीतरी महिन्यांनी. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण जरा मागून सुरुवात करतो.

चाकांच्या बॅलन्सिंगची शिशाची जुनी वजनं म्हातारा घरी न्यायचा, हे तुला ठाऊक आहे. ओतकाम मात्र तू पाहिलं नाहीस. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर अंगणात शेगडी पेटायची. लोखंडी पळीत शिसं वितळायचं आणि आजोबांच्या वेळच्या साच्यात ओतलं जायचं. बंदूकही आजोबांचीच, ईदला आणि लग्नाला चार बार काढण्यापुरती. तरी गोळ्या दर आठवड्याला व्हायच्याच. नव्या घरात सुनांनी त्या ठेवू दिल्या नाहीत. म्हणून त्या या जुन्या मातीच्या घरात, माझ्या खोलीला लागून असलेल्या कोठीत आल्या आणि सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्याचे नियम कडक. लाकडी पेटीत ठेवायच्या नाहीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून दूध-पावडरीच्या डब्यातच ठेवायच्या. लाकडात त्या आजारी पडतात, असं तो म्हणायचा. मी मान हलवायचो आणि मनात हसायचो.

२०१४च्या बकरी ईदनंतर डबे संपले. आपली कोकमाच्या आगळाची चिनी मातीची बरणी रिकामी होती, तळाशी थोडा गाळ वाळलेला. नवे डबे मिळेपर्यंत म्हणून गोळ्या तिच्यात ओतल्या, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला आणि विसरून गेलो. तुझं यायचं ठरलं तेव्हा बरणी हवी म्हणून उघडली, तर गोळ्यांना पांढरी लव फुटली होती. बुरशीसारखी, पण कोरडी. फुंकर मारली की उडायची. अर्बाबला दाखवल्या. एक गोळी त्याने बराच वेळ तळहातावर धरली आणि म्हणाला, ही म्हातारी झाली. मग त्याने सगळ्या मोजल्या. दोन कमी भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा दोन कमी. माझ्यावर त्याने संशय घेतला नाही, ते बरं वाटलं. खलास म्हणून तो उठला, आणि त्या दिवसापासून अंगणात शेगडी पेटली नाही.

गेल्या डिसेंबरात तू आलीस. तिसरा महिना सरत होता. दिवस गेलेल्या बाईने समुद्र ओलांडू नये, असं आई म्हणत होती आणि मी हट्टाने तुला बोलावलं, कारण मला एकट्याला ते सुख पेलवत नव्हतं. तुझ्या आईने दिलेल्या आगळाच्या तीन बाटल्या तू कपड्यांत गुंडाळून आणल्या होत्यास, त्या आपण बरणीत ओतल्या. तुला आंबटाचे डोहाळे. सकाळ-संध्याकाळ सरबत, जेवताना सोलकढी. दोनेक आठवड्यांनी तू म्हणालीस की आगळाचा आंबटपणा गेला, साखर न घालताच गोड लागतंय. मीही चाखलं. खरंच गोड होतं, जिभेवर राहणारं. आईच्या हाताला परदेशात गोडी आली, असं म्हणून तू हसली होतीस. आणि मी, गाढव, तुला आणखी एक पेला भरून दिला.

मग ते आवाज सुरू झाले. भर दुपारी दोनच्या सुमाराला, सगळं इब्रा झोपलेलं असताना, बंद कोठीत कोणीतरी डब्यात गोळी टाकतंय, असं तू सांगायचीस. टक. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. कायम दोनच. एकदा तू कुलूप काढून आत गेलीस आणि मी येईपर्यंत तिथेच भिंतीला टेकून उभी होतीस. का गेलीस ते तुला सांगता येईना. केस मूठमूठ गळत होते, पोटात कळा येत होत्या, दुकानाचा फोन नंबर आठवेनासा झाला होता. डोहाळे असेच असतात, मी म्हणायचो. फेब्रुवारीत सगळं संपलं. मुलगी होती, हे डॉक्टरांनी मला सांगितलं. तुला मी अजून सांगितलं नव्हतं, आज सांगतोय.

तू गावी परत गेल्यावर बरणीला हात लावावासा वाटेना. अर्धी भरलेली होती, तशीच ठेवली. या एप्रिलमध्ये उन्हाचा तडाखा वाढला आणि एके दिवशी तुझी फार आठवण आली, म्हणून सरबत केलं. मग रोजच करू लागलो. जूनमध्ये पोटात पीळ पडायला लागला. हातात पाना धरवेना, मनगट आपोआप खाली पडायचं. आणि सुगंधा, शुक्रवारी दुपारी खोलीत पडलो असताना मलाही ऐकू आलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. मी उठलो नाही. चादर डोक्यावर ओढली आणि तुझी माफी मागितली.

दवाखान्यातली डॉक्टर केरळची, बोलायला मोकळी. माझ्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसली तशी तिने रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. काम काय करतोस, पाणी कुठलं पितोस, सगळं विचारून झाल्यावर तिने विचारलं, आंबट काय खातोस आणि ते कशात ठेवतोस. त्यांच्याकडेही आमसुलासारखं काहीतरी असतं. मी बरणीचं सांगितलं आणि ती लिहायची थांबली. घरी जाऊन मी आगळ परातीत ओतलं. शेवटी गाळाचा गोळा सुटून पडला आणि त्यातून अर्बाबच्या त्या दोन गोळ्या निघाल्या. चोखलेल्या लिमलेटसारख्या बारीक आणि गुळगुळीत झाल्या होत्या.

आता नीट वाच. आगळाच्या बरणीला पाणी लागू द्यायचं नाही, नाहीतर आगळ नासतं, हे मी लहानपणापासून आईकडून शिकलो. म्हणून तू यायच्या आधी मी ती धुतली नाही. हात पोचला तेवढी कोरड्या फडक्याने पुसली. आत पांढरा थर होता. आगळाचं मीठ आहे असं समजून तो राहू दिला. ते मीठ नव्हतं, आंबटाने खाल्लेलं शिसं होतं. त्याचीच ती गोडी होती. शिसं डोक्यातही जातं, माणसाला नाही ते ऐकू येतं, असं डॉक्टर म्हणाली. असेल. पण तुला आणि मला दोघांनाही दोनच आवाज का आले, हे तिला विचारायची माझी छाती झाली नाही. मला औषध चालू आहे, मनगट सुधारतंय. तूही ताबडतोब मुंबईला जाऊन रक्त तपासून घे. कोणती तपासणी ते डॉक्टरने कागदावर लिहून दिलंय, तो कागद सोबत आहे. शिसं हाडांत राहतं, वर्षानुवर्षं.

हे कळून मला तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत तुला एकवीस फोन केले आणि दरवेळी भातलावणीचं विचारून ठेवले. श्रावणाआधीच्या अमावास्येला आई तुला देवाला कौल लावायला नेणार आहे, तुझ्या मागे मस्कतहून काहीतरी लागलंय आणि त्यानेच मूल खाल्लं, असं गावभर झालंय, आणि कौल होईतोवर तुला देवघरात पाऊल टाकू देत नाहीत. आणि तू ते खरं मानून उपास धरतेस. ते आवाजांचं आईला कोणी सांगितलं, हे तू कधी विचारलं नाहीस. मीच सांगितलं. फेब्रुवारीत तुला दवाखान्यातून घरी आणलं त्या रात्री ती फोनवर रडत होती, कारण विचारत होती, आणि माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं. तू कौलाला जाऊ नकोस. तुझ्यामागे काहीही नाही. आपली मुलगी माझ्या हातून गेली. हे पत्र आईसमोर मोठ्याने वाच. ती फोन करून मला विचारील, तेव्हा मी कचरेन, गोलमोल बोलेन, कदाचित नाहीही म्हणेन. मी तिच्यासमोर कसा होतो ते तुला माहीत आहे. तेव्हा माझं ऐकू नकोस. म्हणून हे माझ्या अक्षरात लिहून, खाली सही करून पाठवतोय.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
एकनाथ