चार ठोकळे

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

क्षेम विचारलंस, तर ऐक. मी क्षेम नाही, संतापलेला आहे. शिडीवरून पडून मणका मोडला त्याला तीन महिने झाले. पट्टा सुटला, पण डॉक्टरांनी बजावलंय, मेअखेर पाठ वाकली नाही तर सुतारकी सोडा. आणि माझ्या निम्म्या वयाची व्यायामशिक्षिका मला उताणं झोपवून दहा वेळा कंबर उचलायला लावते. वीस वर्षं लोकांची दारं बसवली, आता माझीच बिजागरी तपासतात.

घरात त्याहून कहर. हिनं चपलासुद्धा कंबरेइतक्या उंच फळीवर ठेवल्यात. काल शेजाऱ्याला बोलावून माझ्या कामाच्या टेबलाखाली चार ठोकळे सारले. उंच टेबलावर रंधा चालतो का? जोर कंबरेतून यायला हवा. विचारलं तर म्हणते, ताईंनीच पत्रातून सुचवलं. मला पांगळा ठरवणारी तू कोण? व्यायाम मी चोख करतो, तक्त्यावर रोजची खूण आहे.

रागात लिहितोय, तरी नमस्कार खरा आहे.
तुझा,
रंध्या

११ फेब्रुवारी

चि. रंध्यास,
अ. आ. (दात-ओठ खाऊन देते आहे.)

तुझा रंधा माझ्यावर चालवू नकोस. ठोकळे मीच सुचवले, आणि चुकलंच माझं. डॉक्टर वाकायला सांगतात आणि आम्ही दोघी तुला वाकूच देत नव्हतो.

पण तुझं काय? तुझ्या बायकोनं तक्त्याचा फोटो पाठवलाय. आज तारीख अकरा, आणि महिन्याच्या अठ्ठावीसही चौकोनांत खुणा! रविवारी सुट्टी असते, तिथेसुद्धा! तुझी सवय मला ठाऊक आहे, आधी सगळ्या फळीवर पेन्सिल, मग करवत. पण खुणा केल्यानं फळी कापली जात नाही रे गाढवा! सतरंजीची घडीही मोडलेली नाही म्हणे. दुखणं मुंगीच्या पावलानं जातं, मान्य. पण मुंगी निदान चालते तरी.

बाबांची करवत तुला दिली ती भिंतीवर टांगायला नव्हे. तुझ्या हातून ती सुटली तर मला बघवणार नाही, म्हणून ओरडते. माझे गुडघे कुरकुरतात, जिना उतरणं बंद केलंय. व्यायाम सांगितलाय, पण या वयात कोण करतं?

व्यायाम केलास तरच पत्र लिही.
तुझी,
ताई

२६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रावर तीन दिवस धुमसलो. चौथ्या दिवशी सगळ्या खुणा खोडल्या आणि सतरंजी अंथरली. पहिल्या आठवड्यात चारच्या पुढे कंबर उचलेना. शिव्या मात्र दहा. शिक्षिका म्हणाली, शिव्या देताना श्वास सुटतो, तेवढं बरं आहे.

परवा डॉक्टर म्हणाले, हलकं काम सुरू करा. घरी येऊन टेबलाशी गुडघे टेकले. शेजाऱ्यानं टेबल उचलून धरलं, ठोकळे मी खाली वाकून काढले, चारही. ही दारात रडत होती. मी तिच्यावर ओरडलो, मग स्वतःच रडलो.

आणि तू? लोका सांगे ब्रह्मज्ञान! जिना उतरत नाहीस म्हणजे काय? त्याच चार ठोकळ्यांवर फळी ठोकून तुझ्यासाठी बुटकी पायरी केली आहे, ती पाठवतोय. पडल्यानंतरचं माझं हे पहिलं काम. डॉक्टरांना विचार आणि रोज चढ-उतर कर. सोबत तक्ता आहे, कोरा. आधी पायरी, मग खूण.

राग राहू दे, लोभही राहू दे.
तुझा,
रंध्या