इराकचा बाक

टीचर, येत्या शनिवारी मला माणिकपूरला आपल्या शाळेत बोलावलंय. तुमच्या जागी आता इतिहास शिकवतात त्या तुमच्याच विद्यार्थिनी. त्यांचा फोन आला. मी अमेरिकेहून पाठवलेलं पत्र तुम्ही दरवर्षी नववीच्या वर्गात वाचून दाखवायचात, तुमच्यानंतर त्याही दाखवतात, आणि यंदा ते मीच येऊन वाचावं असं त्यांना वाटतं. खराब होऊ नये म्हणून त्याला प्लास्टिक चढवलंय म्हणे. मी हो म्हटलं आणि विरारच्या या घरात दूध उतू जाईपर्यंत फोनपाशीच उभी राहिले. त्या पत्रातली मुख्य गोष्ट खोटी आहे. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती आधी तुम्हांला सांगायची आणि मग मुलांना, असं मी ठरवलंय.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी आठवतो. तुमचा परराष्ट्र धोरणाचा धडा पुस्तकातून नसायचाच. पुठ्ठ्याच्या पाट्यांवर देशांची नावं लिहून तुम्ही त्या बाकांना सुतळीने बांधायचात आणि ज्याच्या वाट्याला जो बाक येईल त्याने त्या देशाच्या बाजूने बोलायचं, स्वतःचं मत घरी ठेवून यायचं. आखातात युद्ध सुरू झालं होतं. मुंबईत अमेरिकेच्या विमानांना इंधन भरू द्यावं की नाही, यावरून भारताच्या बाकावरच्या दोघांची आपापसात जुंपलेली. माझ्या वाट्याला इराक आला. मी हुशार मुलगी, पहिल्या तीनातली. उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, की आम्ही कुवेत घेतला ही आमची चूक, जगाने आम्हांला माफ करावं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तुम्ही खडू टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "तू इराकच्या बाकावर बसून स्वतःची बाजू सांभाळलीस. खाली बस."

मग तुम्ही पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या त्या मुलीला माझ्या जागी उभं केलंत. तिचा बाप कुवेतमध्ये बोटींच्या इंजिनावर कामाला होता. पाच महिन्यांपूर्वी अंगावरच्या कपड्यांनिशी इराकमधून, जॉर्डनमधून फिरत घरी पोचला होता. वर्गात सहसा तोंड न उघडणारी ती मुलगी बाकाची कड धरून म्हणाली, "टीचर, वाटेत एका बाईनं माझ्या बाबाला पानी पाजलं. तिच्या घरात पन थोडंच व्हतं. आता तिच्या डोक्यावर बाँब पडतायत. मी इराक हाय, तर मी तिच्याकडनंच बोलनार." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मला तिचा राग आला होता, टीचर, आज कबूल करते. पहिल्या तीनात नसलेल्या मुलीने मला मागे टाकलं याचा राग.

दहा वर्षांनी मी पीएचडीसाठी निघाले तेव्हा वसईत पापडी गावाला तुमच्या स्वयंपाकघरात बसले होते. तुम्ही पाटावर बसून वाडीतली सुकेळी, उन्हात सुकवलेली केळी, केळीच्या सोपटात बांधत होतात. अमेरिकेत खायचे हाल होतील म्हणून माझ्यासाठी दोन पुड्या. मी म्हटलं, विमानतळावर काढून घेतील. तुम्ही म्हणालात, घेऊ देत, त्यांना पण कळेल वसईचं केळं काय असतं. काही काढून घेतली नाहीत. एक पुडी मी एकटीनं संपवली, दुसरी वसतिगृहातल्या माझ्या शेजारणीबरोबर. ती जॉर्डनची, तिचं आजोळ बगदादचं. खजुराची धाकटी बहीण आहे ही, असं म्हणत ती बोटं चाटत होती.

तिथे आम्ही सगळे परदेशी विद्यार्थी एका स्वयंपाकघरात जेवायचो. संध्याकाळी भात शिजत असताना त्या देशाच्या धोरणाची यथेच्छ पिसं निघायची. आणि खरं सांगायचं तर त्या देशावर आमचा जीवही होता. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्या हिवाळ्यात मला स्वतः नेऊन कोट घेऊन दिला. ग्रंथालयात त्यांच्याच सरकारला शिव्या घालणारी पुस्तकं रांगेनं लावलेली, हवं ते घ्या. माणसं अशी आणि त्यांचं सरकार असं, हे कोडं घाना, चीन, जर्मनी, कुणालाच सुटत नव्हतं. पण बोलायचं ते स्वयंपाकघरात. व्हिसा, शिष्यवृत्ती, पुढची नोकरी, सगळं त्यांच्याच हातात.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये, युद्ध आता होणार असं दिसत असताना, विद्यापीठातल्या आमच्या विभागाने एका दुपारी आम्हांला बोलावलं. इथे राहताना इथलं परराष्ट्र धोरण तुम्हांला कसं दिसतं, मोकळेपणाने सांगा. प्रत्येकापुढे देशाच्या नावाची पाटी होती. मला तुमची सुतळी आठवून हसूच आलं. शेजारीण उभी राहिली. तिचा आवाज बारीक, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला: "तुम्ही मला घरी जेवायला बोलावता. माझी आजी बगदादला आहे, तिनेही मला भरवलंय. हे युद्ध करू नका. मी हे तुमच्या घरात बसून सांगतेय, कारण परत गेल्यावर सांगण्यात काही अर्थ नाही." मग तिने माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी भात ढवळताना याहून कडक बोलले होते मी. उभी राहिले आणि म्हणाले, की हा प्रश्न चर्चेने सुटावा अशी भारताची भूमिका आहे. इराकच्या बाकावर केलं तेच पुन्हा, फक्त या वेळी भारताच्या पाटीमागे लपून. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी भारताला नव्हतं विचारलं, तुला विचारलं होतं."

त्याच आठवड्यात मी तुम्हांला पत्र लिहिलं. त्यात मी उभी राहिले आणि तिची वाक्यं बोलले. ‘माझी आजी’ काढून ‘माझ्या मैत्रिणीची आजी’ घातलं, बाकी शब्द तेच. तुमची शाबासकी हवी होती मला, त्या खडूच्या दिवसापासून हवी होती. ती मिळाली, आणि मला वाटलं त्याहून फार मोठी मिळाली. माणिकपूरच्या त्या वर्गात किती वर्षं मुलं माझं धैर्य ऐकत बसली आहेत.

शनिवारी मी पत्र वाचेन, अगदी शेवटपर्यंत. मग सांगेन की हे शब्द जॉर्डनच्या एका मुलीचे आहेत, आणि त्याआधी असंच एक पाचूबंदरची मुलगी बोलली होती. मुलांच्या आताच्या टीचरना पुठ्ठा आणि सुतळी आणून ठेवायला सांगितलंय. मी स्वतः इराकच्या बाकावर बसणार आहे. मुलांनी विचारलं की तुम्ही घाबरलात का, तर हो म्हणेन. त्यांच्यातलंही कुणीतरी उद्या परदेशी शिकायला जाईल आणि तिथल्या पाटीमागे बसेल. पाटीमागे लपता येतं, हे त्याला आधीच माहीत असलेलं बरं. टीचरना संकोच वाटेल, कदाचित मला पुन्हा बोलावणार नाहीत. तरी चालेल.

एक मात्र वर्गात सांगणार नाही, ते इथेच लिहिते. तुम्ही जायच्या आधीच्या डिसेंबरात मी अमेरिकेहून सुट्टीवर आले होते, पापडीला तुमच्याकडे जेवले. तुम्ही ती हकीकत पुन्हा माझ्या तोंडून ऐकलीत आणि विचारलंत, तुझी ती मैत्रीण काय म्हणाली मग? मी म्हटलं, ती गप्प बसली. भ्यायली असेल बिचारी, असं म्हणून तुम्ही उठलात आणि तिच्यासाठी सुकेळ्यांची एक पुडी बांधून दिलीत. ती मी तिला दिली नाही, टीचर. काय सांगून देणार होते? दार लावून एकटीनं खाल्ली.