सहावी पिवळी वायर

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सकाळी ११.१०

तात्यारावांच्या अ‍ॅम्प्लिफायरचे स्क्रू काढत होतो. ते समोर उभेच. कोथरूडहून बिबवेवाडीपर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन आले — सत्तेचाळीस वर्षांचं बाळ, वजन चौदा किलो! तक्रार: चालू केल्यावर चार सेकंदांनी आत ‘टक्’ होतं, मगच आवाज येतो. दोनदा तर टक् झालंच नाही. मला वाटलं, टक् करणारा रिले म्हातारा झालाय.

“तो रिले काढून टाक. माझ्या वयाला चार सेकंद परवडत नाहीत.”

सांगितलं — काका, आत काही बिघडलं तर रिले स्पीकरची लाइन तोडतो. तो नसेल तर स्पीकर जळतील. तसले आता मिळत नाहीत.

“शिक्षण किती तुझं?”

डिप्लोमाचं दीड वर्ष. मग सुटला.

मालक सुदर्शनदादा नंतर म्हणाले, “गिऱ्हाईक म्हणतं काढ, तर काढ. पहिल्यांदा एकट्याला काम दिलंय. बिघडवलंस तर परत डिलिव्हरीची पिशवी.”

५ फेब्रुवारी, बुधवार

नाही काढणार! वेळ ठरवणारा कपॅसिटर बदलून चार सेकंदांचा एक सेकंद केला. रिलेभोवती फोम गुंडाळला — टक् ऐकूच येणार नाही. सांगायचं, काढला. सिरीज बल्ब लावून तपासलं — करंट जास्त गेला तर बल्बच पेटतो. तेवढ्यापुरती रिलेला वगळून टेस्टिंगची पिवळी वायर जोडली होती. सगळं व्यवस्थित. वहीत टिपलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रिले काढला असं सांगितलं. तात्याराव अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गेले. “शिक्षण कमी, पण ऐकतोस.”

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तात्यारावांचा फोन. “टक् गेला! आता चालू केलं की धप्प होतं. काय भारदस्त!”

धप्प? चालू होतानाचा झटका रिले अडवतो; तो काम करत असेल तर धप्प होणारच नाही!

दुकानातल्या टेस्टिंगच्या पिवळ्या वायरी मोजल्या. पाच. परत मोजल्या. पाच. सहा असतात. एक आतच राहिली!

८ फेब्रुवारी, शनिवार

कोथरूडला जाऊन सगळं कबूल केलं — रिले आतच आहे, पण विसरलेल्या वायरमुळे असून नसल्यासारखा.

“म्हणजे फसवायला निघालास आणि चुकून प्रामाणिक झालास?”

वायर काढली. चालू केलं. एक सेकंद. दहा. आवाज नाही. मीटर लावला — डाव्या स्पीकरच्या लाइनवर अडीच व्होल्ट. तिथे शून्य हवं! ट्रान्झिस्टर निकामी होत चालला होता. दोनदा टक् झालं नाही ते म्हणूनच. रिले सांगत होता. मी त्यालाच म्हातारा ठरवलं. आणि दोन दिवस ते अडीच व्होल्ट थेट स्पीकरमध्ये!

डाव्या स्पीकरला पेन्सिल सेल टेकवला. ‘खर्र.’ जिवंत!

तात्यारावांनी स्वतः उठून प्लग काढला.

१० फेब्रुवारी, सोमवार

कोथरूडला जाऊन नवा ट्रान्झिस्टर बसवला. तात्याराव स्टुलावर बसून बघत होते. झाकण लावायला घेतलं तर त्यांनी माझा हात धरला.

“तो फोम काढ. टक् ऐकू आला पाहिजे मला.”