तागाचा बाक

३ तारीख, सोमवार.
आजपासून रोजनिशी. खरं तेच लिहायचं. लॅबमध्ये माझा बाक तयार होतोय. नुसता ताग आणि तो चिकटवणारं रेझिन. लाकूड नाही, लोखंड नाही. टिकला तर माझी नोकरी कायम, असं मोठे साहेब म्हणालेत. न टिकला तर काय, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

४ तारीख.
तागाचे धागे ओव्हनमध्ये चोवीस तास वाळवायचे असतात. ओले राहिले तर रेझिन त्यांना धरत नाही. ओव्हनमध्ये सगळ्यांचे जेवणाचे डबे होते. माझाही. धागे अर्धा तास खिडकीत ठेवले. लॅबच्या वहीत ‘चोवीस तास’ लिहिलं. ऊन फार कडक होतं.

७ तारीख.
ताग-रेझिनच्या पट्टीचे सहा नमुने ताण देणाऱ्या मशीनवर ओढले. पाच निम्म्या ताणालाच गेले. टोकाला धागे कसे, तर आठवडाभर दाढी न केल्यासारखे. मशीनवाले काका मला म्हणाले, धागा तुटला नाही, रेझिनमधून सुटून आलाय. ओला होता का? मी म्हटलं, छे!
सहावा नमुना उत्तम. रिपोर्टमध्ये तोच घेतला. बाकीचे पाच अपवाद.

१० तारीख.
बाक तयार. त्यावर माझी पिशवी ठेवून पाहिली. काही झालं नाही. स्वतः बसलो नाही, पॅन्ट इस्त्रीची होती.

११ तारीख, दुपारी.
शुक्रवारी सगळ्यांसमोर मोठे साहेब स्वतः बसणार! साहेब म्हणजे शंभर किलोला चार कमी. मी घाबरलेलो नाही. बाकाखाली दोनदा वाकून पाहिलं ते पेन पडलं म्हणून.

१३ तारीख.
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, साहेबांना सरळ सांगून टाका ना. उद्या सकाळी नक्की सांगणार.

१४ तारीख, १०.१५.
साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. दार बंद. टकटक करणं बरं दिसलं नसतं.

११.३०
साहेब बसले. कर्रकन आवाज. मी दाराकडे सरकलो. आवाज साहेबांच्या बुटांचा होता. बाक टिकला! टाळ्या. नोकरी कायम. साहेबांनी तिथल्या तिथे शाळेसाठी चाळीस बाक करायला सांगितले. माझा माझ्या विज्ञानावर पहिल्यापासून विश्वास होता.

४.००
काकांनी बाजूला घेतलं. म्हणाले, बाकाला खालून लोखंडी पट्टी मीच बसवली काल, साहेबांची कंबर मोडायला नको. मग हळूच विचारलं, पोरं तर बाकांवर उड्या मारतात. चाळीस पट्ट्या आणू, की साहेबांना तुम्ही सांगताय?
भीती वाटतेय. खूप. काकांना म्हटलं, उद्या नक्की सांगतो.
उद्या सुट्टी आहे.