शेजाऱ्याचा शोध, फुकट आणि विकत

१२ फेब्रुवारी
समोरच्या रिकाम्या घरात माणूस राहायला आला. एकटा. गाडीवर ओहायोची नंबरप्लेट. टपालपेटी रस्त्याच्या कडेला आहे, चार ढांगांवर. तेवढ्यासाठी बाहेर पडला तरी दाराला कुलूप लावून आला. मी पडद्याआडून पाहिलं.

व्हरमाँटच्या या डोंगरात कुलूप कुणी लावत नाही. आमच्या दाराची किल्ली वडिलांच्या काळात हरवली, ती कुणी शोधलीही नाही. जो कुलूप लावतो, त्याच्या घरात तरी काहीतरी असतं, नाहीतर मनात.

डेलियाला सांगितलं. डेलिया माझी धाकटी बहीण. तिचा नवरा गेल्यापासून माझ्या आधाराने इथे राहते. स्वयंपाक, बिलं, बर्फ काढणं, शेगडीची लाकडं, एवढंच ती बघते. बाकी सगळा भार माझ्यावर. ती म्हणाली, माणूस नवा आहे, ॲपल पाय भाजून नेऊन देते. मी मनाई केली.

संकल्प: घाबरायचं नाही. माहिती मिळवायची.

१३ फेब्रुवारी
टपालपेटीवर नाव आहे: मर्ल स्टुपॅक. माणसं शोधून देणाऱ्या साइट असतात, काही फुकट, काही पैसे घेणाऱ्या. मी तत्त्वाने फुकट निवडली. माहिती ही जनतेची असते. जनतेची वस्तू जनतेलाच विकणं हा दरोडा आहे. हे वाक्य गावसभेत वापरण्यासारखं आहे.

पहिली साइट: नाव, वय साठीच्या आसपास, ओहायोतले दोन जुने पत्ते. मग हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. ‘कोर्टाच्या नोंदी तपासत आहोत.’ मग: ‘सापडलं. मन घट्ट करा.’ मी मन घट्ट केलं. तर क्रेडिट कार्ड मागितलं. बंद केली.

दुसरी साइट: मर्ल स्टुपॅक फ्लोरिडात वारला. खिडकीतून पाहिलं. वारलेला माणूस बर्फ वितळायला पायऱ्यांवर मीठ टाकत होता.

तिसऱ्या साइटने आधी माझंच नाव, जन्मतारीख आणि फोन नंबर विचारला. मी दिला. तिने माझे आभार मानले. बस, एवढंच.

१५ फेब्रुवारी
कालपासून फोन येतायत. अनोळखी आवाज, पण मला नावाने हाक मारतात. एक म्हणाला, मिस्टर विथरेल, तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली. माझ्या गाडीबद्दल याला कसं कळलं? माझ्यावर कुणाची तरी पाळत आहे. कोण, ते मला ठाऊक आहे.

१६ फेब्रुवारी
पैसे भरले. तत्त्व सोडलेलं नाही. लोकांच्या सुरक्षेसाठी केलेला खर्च म्हणजे खर्च नव्हे.

विकतची माहिती वेगळीच असते. यात मर्ल स्टुपॅक जिवंत आहे. आणि कोर्टाच्या नोंदी! पान संपेचना. चोरी, जाळपोळ, मारामारी, दोन ठिकाणी खून. एकाच जिल्ह्यात, वर्षानुवर्षं, प्रत्येक खटल्यात त्याचं नाव. इतकं करून हा माणूस मोकळा फिरतो, म्हणजे वर कुणाचा तरी हात आहे.

दुपारी त्याने मला पाहून अख्खा हात हलवला. आमच्याकडे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. एवढ्या जोरात हात कोण हलवतो? ज्याला काही लपवायचं असतं तो.

डेलियाला सांगितलं नाही. घाबरेल बिचारी.

१७ फेब्रुवारी
सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून कुलूप आणून दाराला बसवलं. दार ओढलं की आपोआप लागतं. दुकानदाराने विचारलं, एल्डन, कोठारात अस्वल शिरलं का. मी हसलो नाही.

संध्याकाळी डेलिया चर्चमध्ये पॅनकेकच्या जेवणाला गेली. मी आतून कुलूप लावलं, शेगडीचा लोखंडी चिमटा हातात घेतला आणि तिथेच बसलो. बऱ्याच वेळाने दारावर धडाधड आवाज. मग खिडकीवर. माणूस तळघरातून बाहेरचं जास्त स्पष्ट ऐकतो, म्हणून मी तळघरात गेलो. आवाज थांबला. वर येऊन पाहतो तर डेलिया बर्फातून रस्ता ओलांडत होती. समोरचं दार उघडलं आणि ती आत गेली.

मी आरडाओरडा करणार होतो, पण खिडकी उघडावी लागली असती.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर तो विजेरी घेऊन तिला सोडायला आला. तिच्या हातात झाकलेलं भांडं. आत बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांसारखं काहीतरी, वर परतलेला कांदा.

डेलिया म्हणाली, "गावात भाषणं ठोकतोस सिंहासारखी, आणि बहिणीला दार उघडायला तळघरातून वर येववत नाही?"

मी म्हटलं, ते डावपेच होते. करंज्या मी खाल्ल्या नाहीत. दोनच खाल्ल्या. विष आहे का ते तपासायला.

२४ फेब्रुवारी
भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून डेलियाने त्यात ॲपल पाय घालून नेला. त्यालाही हे कुणीतरी शिकवलेलं दिसतंय. त्याने त्यात कोबीचं काहीतरी घालून परत पाठवलं. मग डेलियाने बीन्स. हे भांडं थांबतच नाही. प्रत्येक फेरीला ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ तिकडे असते.

भीती मला डेलियासाठी वाटते. माझ्यासाठी नाही. आज संध्याकाळी शेगडी विझली आणि लाकडं कुठे ठेवलीत ते मला सापडलं नाही, ही फक्त नोंद.

शेवटी तिला सांगितलंच की माझ्याकडे त्याच्याबद्दल माहिती आहे, विकतची, भयंकर. ती म्हणाली, मर्लनेही फुकटच्या साइटवर आपलं घर शोधलं होतं. तिथे एल्डन विथरेलची बायको म्हणून डेलियाचं नाव आहे. बिचारा आठवडाभर तिच्याशी मान खाली घालून बोलत होता. मग त्याने सरळ विचारलं.

"तूही विचार त्याला," ती म्हणाली. "दार ठोकायचं आणि विचारायचं. त्याला पैसे पडत नाहीत."

खुनी माणसाला असं विचारायचं असतं? भोळी आहे.

संकल्प: गावसभेत बोलायचं. सर्वांसमोर. तिथे मला तो काही करू शकणार नाही.

३ मार्च, सकाळ
गावसभा आज. डेलिया दुपारच्या जेवणाच्या तयारीसाठी लवकर गेली. भाषण तयार आहे. शेगडीसमोर उभं राहून म्हणून पाहिलं. माझेच डोळे भरून आले. दार ओढून, कुलूप लावून निघतो.

३ मार्च, संध्याकाळ
हे मी कुठे बसून लिहितोय ते नंतर.

रस्त्यांच्या खडीचा विषय झाला, शाळेच्या बॉयलरचा झाला. शेवटी बर्निस गुडनाऊने, ती सभेची अध्यक्ष, विचारलं, आणखी कुणाला काही मांडायचंय का. मी उठलो. भीती हा लोकशाहीचा पहिला शत्रू आहे, असं सुरू केलं. दाराला कुलूप लावणाऱ्यांवरही बोललो, मला वाटतं, अप्रतिम. आणि शेवटी बोट रोखून म्हणालो, "या सभागृहात असा माणूस बसलाय, ज्याचं नाव खुनाच्या खटल्यात आहे."

सगळे त्याच्याकडे वळले. तो व्यासपीठासमोर एका लहान टेबलाशी बसला होता, पुढ्यात टाइप करायचं छोटंसं यंत्र. गावच्या लेखनिकाचं मनगट मोडलंय, म्हणून डेलियाने त्याचं नाव सुचवलं होतं. मी बोलत असताना त्याची बोटं एकदाही थांबली नव्हती.

बर्निसने त्याला उत्तर द्यायला सांगितलं. तो उभा राहिला.

"खरंय. खुनाचे दोन खटले, चोरीचे पुष्कळ. मी कोर्टात बसून लिहून घ्यायचो. प्रत्येक खटल्याच्या कागदावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. आणि कुलपाचं म्हणाल तर, दिवसभर तसल्या साक्षी ऐकल्या की हात आपोआप किल्लीकडे जातो."

मग मागच्या बाकावरून हार्डवेअरवाला म्हणाला, भाषण मला नीट ऐकू आलं नाही, परत वाचून दाखवता येईल का. बर्निसने परवानगी दिली. मर्ल स्टुपॅकने ते वाचलं. शब्दन् शब्द. सगळे ‘अं’ धरून. किराण्याची यादी वाचावी तशा आवाजात. इतकी वर्षं मी बोलतोय, पण माझं भाषण मी कधी ऐकलं नव्हतं. ते फार लांब आहे.

कुणी हसलं नाही. बर्निस म्हणाली, "बस, एल्डन. बीन्स गार होतायत."

घरी आलो तर किल्ली नाही. सकाळी चिमटा बरोबर घ्यावा की नाही या विचारात जुना कोट काढून नवा घातला. किल्ली जुन्या कोटात, कोट आत. डेलिया भांडी घासायला थांबलेली. वारा सुटला. पायांची जाणीव जाईपर्यंत उभा राहिलो, मग रस्ता ओलांडला. ठोकायला हात उचलला तर दार हलकेच आत गेलं.

आतून आवाज आला, "या ना, मिस्टर विथरेल. डेलिया म्हणाली, इथे कुणी कुलूप लावत नाही. मीही सोडलं."

त्याच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. करंज्या गरम आहेत.

१४ जून
काल चर्चच्या हिरवळीवर लग्न झालं. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी चारच बोललो.

डेलिया समोर राहते. अगदी समोर. मी कशाला घाबरू? कुलूप काढून टाकलं. भांडं सध्या माझ्याकडे आहे. त्यात काय घालून पाठवायचं ते मला येत नाही.

ती विकतची साइट बंद करायला बसलो. दर महिन्याला पैसे कापते, आणि वर सगळं खोटं. बंद करण्याआधी शेवटचं म्हणून स्वतःचं नाव टाकलं. पट्टी सरकली. एल्डन विथरेल. पत्ता बरोबर. या घरात राहणारी माणसं: एल्डन, डेलिया.

बराच वेळ पाहत बसलो.

वर्षभराचे पैसे भरले.